छटाक ते पाकीट : आपल्या घरच्या तेलाचा इतिहास

आम्ही नशिराबादच्या बचत गटांकडून बोलतो आहोत. गेल्या काही महिन्यांत आमच्या बैठकांमध्ये हप्ता आणि कर्ज यांच्याबरोबर एक विषय सारखा निघतो आहे, तो म्हणजे गोडेतेल. कुणी सांगते, किराण्याच्या यादीत सगळ्यात मोठा आकडा तेलाचा. कुणाला दवाखान्यात सांगितलेलं असतं, तेल कमी करा. आणि काही जणींचं म्हणणं असं, की गटानं कर्ज काढून लाकडी घाणा टाकावा, गावातच तेल काढावं. तीन वेगवेगळ्या बोलण्यांत वस्तू एकच. म्हणून आम्ही ठरवलं, की कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी या तेलाचा इतिहास एकदा नीट समजून घेऊ. हे तेल आपल्या घरात कुठून आलं, किती होतं, किती झालं, आणि ते वाढलं तेव्हा नेमकं काय घडत होतं. आजची माहिती त्याचीच आहे.

आधी एक साधी गोष्ट. आपल्या पोटात जाणारं तेल दोन वाटांनी जातं. एक दिसतं, दुसरं दिसत नाही. फोडणीत टाकलेलं, पोळीला लावलेलं, तळणाचं तेल दिसतं. पण वांग्याच्या भाजीतला दाण्याचा कूट, जवसाची चटणी, तीळ, खुरासणी, खोबरं यांच्यातही तेलच असतं. शेंगदाण्याच्या वजनात निम्म्याच्या जवळपास तेल असतं. तिळातही तसंच. सोयाबीनमध्ये साधारण पाचवा हिस्सा. आपल्या आज्यांच्या काळात दिसणारं तेल थोडं असायचं आणि न दिसणारं चटणीतून, कुटातून यायचं. ज्यांच्या दारात म्हैस होती त्यांच्याकडे तूप होतं. ज्यांच्याकडे नव्हती त्यांना सणावारीच तूप दिसायचं.

आता मागं जाऊ. इंग्रजांनी १८८० साली खानदेश जिल्ह्याचं गॅझेटिअर छापलं. तेव्हा धुळे, जळगाव, नंदुरबार असे वेगळे जिल्हे नव्हते, सगळा मिळून एक खानदेश होता. पूर्व आणि पश्चिम खानदेश अशी विभागणी १९०६ साली झाली. त्या गॅझेटिअरमध्ये आजच्या जळगाव तालुक्याची नोंद नशिराबाद या नावानं आहे. म्हणजे आपलं गाव तेव्हा तालुक्याला नाव देणारं होतं. त्यात इथल्या गळिताच्या पिकांची माहिती आहे, तीळ आणि जवस त्यात मुख्य. तेल हा शब्दच मुळात तिळावरून आला. तिळाचं ते तेल, आणि ते काढणारा तेली. भुईमुगाची शेंग, जिच्याशिवाय आज खानदेशी बाईचा स्वयंपाक होत नाही, ती आपली नव्हेच. तिचं मूळ दक्षिण अमेरिकेत. आपल्या भागात तिची लागवड खऱ्या अर्थानं पसरली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. म्हणजे भरितात घालायचे शेंगदाणे आणि कळण्याच्या भाकरीवर घ्यायचं कच्चं शेंगदाणा तेल, ज्याला आपण अगदी जुनं म्हणतो, ते फार तर सव्वाशे वर्षांचं आहे.

कापूस मात्र त्याआधीपासून होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत आपसातलं युद्ध पेटलं आणि तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. तेव्हा खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे जळगाव, भुसावळपर्यंत पोहोचली. कापूस गाड्यांतून मुंबईला गेला आणि सरकी इथं राहिली. त्या काळी सरकीचं तेल कुणी खात नव्हतं. सरकी भिजवून म्हशीला घालायचे. म्हैस दूध द्यायची, दुधाचं तूप व्हायचं. म्हणजे कापसाच्या बोंडातलं तेल आपल्या ताटात पोहोचायचं ते म्हशीच्या पोटातून. आज तीच सरकी थेट तेल म्हणून पाकिटातून येते. हा बदल कसा झाला ते पुढं येईलच.

त्या काळात तेल काढायचा बैलाचा घाणा. बी आपलं, घाणा तेल्याचा. आपण तीळ किंवा दाणे न्यायचे, तो गाळून द्यायचा. मजुरी पैशात किंवा ढेपेत. घरातल्या बाईला बी कोणत्या वावरातलं, किती निघालं, त्यातून किती तेल आलं, ढेप किती उरली हे सगळं माहीत असायचं. तेल बुधलीत यायचं आणि छटाकानं, पळीनं मोजून वापरलं जायचं. ते दिवस फार चांगले होते असं आम्ही म्हणत नाही. तेल थोडं होतं कारण परवडत नव्हतं. ज्या घरात शेत नव्हतं, त्या घरातल्या लेकराच्या आणि बाळंतिणीच्या वाट्याला पुरेसं तेल-तूप येतच नव्हतं. शरीराला स्निग्ध पदार्थ लागतात. काही जीवनसत्त्वं अंगी लागायला तेल-तूपच लागतं. म्हणून पुढं तेल वाढलं याचा सुरुवातीचा भाग चांगलाच होता, हे लक्षात ठेवू.

घाण्यावर पहिला घाव पडला तो तेलाच्या गिरण्यांचा. इंजिनवर चालणारी गिरणी त्याच दाण्यातून जास्त तेल काढायची, त्यामुळे ते स्वस्त पडायचं. तेल्यांचे घाणे एकेक करून बंद होऊ लागले. हे थांबवण्यासाठी गांधीजींनी १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला. त्याचं काम वर्ध्याच्या मगनवाडीत चालायचं. तिथं जव्हेरभाई पटेल यांनी बैलाच्या घाण्यात सुधारणा केल्या, म्हणजे बैलाला कमी ओढ बसेल आणि तेल जास्त निघेल. तो मगनवाडीचा घाणा म्हणून ओळखला गेला. आणि १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं पहिलं खेड्यातलं अधिवेशन भरलं ते आपल्याच फैजपूरला, यावल तालुक्यात. अध्यक्ष पंडित नेहरू होते. तिथं खादी आणि ग्रामोद्योगांचं प्रदर्शन होतं, त्याचं उद्घाटन गांधीजींनी केलं. गावातली वस्तू गावातच तयार व्हावी हा विचार नशिराबादपासून काही कोसांवर देशापुढं मांडला गेला होता, हे आपल्या मुलींना सांगायला हवं.

पण बाजार दुसऱ्या दिशेनं निघाला होता. परदेशातून एक नवी वस्तू यायला लागली होती. तेलात हायड्रोजन वायू मिसळला, की पातळ तेल घट्ट होतं, तुपासारखं दाणेदार दिसतं. त्याला नाव मिळालं वनस्पती तूप. १९३१ साली हिंदुस्थान व्हनस्पती मॅन्युफॅक्चरिंग ही कंपनी निघाली, मुंबईत शिवडीला कारखाना झाला, आणि १९३७ पासून डालडा बाजारात आला. पिवळा डबा, त्यावर ताडाचं झाड. डबा रिकामा झाला की त्यात तुळस लावायची, धान्य ठेवायचं. आपल्यापैकी कितीजणींच्या माहेरी तो डबा होता, सांगायला नको. डालडा हे नाव इतकं रुळलं की कुठल्याही वनस्पती तुपाला आपण डालडाच म्हणायला लागलो.

आणि मग हा कारखाना आपल्याच जिल्ह्यात आला. २९ डिसेंबर १९४५ रोजी अंमळनेरच्या कारखान्यासाठी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली. स्थापन करणारे महम्मद हुसेन हाशम प्रेमजी. अंमळनेर म्हणजे कापसाचा आणि भुईमुगाचा पट्टा, रेल्वे जवळ, माल जवळ. तिथं खाद्यतेल आणि वनस्पती तूप तयार होऊ लागलं. सूर्यफुलाच्या खुणेचं वनस्पती घराघरांत गेलं. तेलाच्या कारखान्यात जे उरायचं त्यापासून कपड्याचा साबण व्हायचा, तो ७८७ नंबरचा साबण. १९६६ साली प्रेमजी वारले आणि २१ वर्षांचा त्यांचा मुलगा अझीम अमेरिकेतलं शिक्षण अर्धं टाकून कारखाना सांभाळायला आला. कंपनीच्या इंग्रजी नावातल्या पहिल्या अक्षरांपासून पुढं विप्रो हे नाव झालं. आज सगळं जग विप्रोला संगणकाची कंपनी म्हणून ओळखतं, पण तिची सुरुवात खानदेशच्या शेंगदाण्याच्या तेलातून झाली.

वनस्पती तुपावर भांडणंही मोठी झाली. गांधीजींचा त्याला विरोध होता. लोक ते खऱ्या तुपात मिसळून विकायचे. बंदी घालावी ही मागणी स्वातंत्र्यानंतर संसदेपर्यंत गेली. त्याला रंग द्यावा म्हणजे ओळखू येईल, असाही विचार झाला. पण बंदी आली नाही आणि मनासारखा रंगही सापडला नाही. शेवटी सरकारनं एक युक्ती केली. वनस्पती तुपात ५ टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं. तिळाच्या तेलाची एक रासायनिक तपासणी आहे, त्यात लाल रंग येतो. तुपात वनस्पती मिसळलं असेल तर त्या तपासणीत पकडता यायचं. म्हणजे आपला जुना तीळ नव्या तुपाचा साक्षीदार झाला.

वनस्पती तुपातला खरा दोष मात्र तेव्हा कुणाला कळला नव्हता. तेल असं घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट नावाचा घटक तयार होतो, आणि तो हृदयाला सगळ्यात घातक असतो. हे शास्त्रज्ञांना पक्कं कळायला १९९० चं दशक उजाडलं. आपल्याकडे त्याच्यावरची मर्यादा टप्प्याटप्प्यानं खाली आणत जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली आहे. गरिबाचं तूप म्हणून जे दोन पिढ्यांनी खाल्लं, त्याची ही गोष्ट.

आता तेल किती होतं ते बघू. सरकारच्या आर्थिक पाहणीत दर वर्षी माणशी किती खाद्यतेल मिळतं याचे आकडे असतात. १९५५-५६ साली वर्षाला माणशी अडीच किलो तेल आणि ७०० ग्रॅम वनस्पती मिळत होतं. दोन्ही मिळून ३ किलो २०० ग्रॅम. याचा रोजचा हिशेब केला तर माणशी ९ ग्रॅमही भरत नाही. पाच माणसांच्या घराला दिवसाला ४४ ग्रॅम. जुना छटाक म्हणजे साधारण ५८ ग्रॅम. म्हणजे सकाळ-संध्याकाळ मिळून अख्ख्या घराला एक छटाक तेलही नव्हतं. पंचवीस वर्षांनी, १९८०-८१ साली, तेल ३ किलो ८०० ग्रॅमपर्यंतच गेलं होतं. वाढ इतकी हळू होती, आणि लोकसंख्या मात्र भराभर वाढत होती.

मधल्या काळात टंचाई होती. १९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या मोठ्या बायांना आठवतो. धान्य नाही, तेल नाही, साखर नाही, घासलेट नाही. तेव्हा मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते अशा बायांनी पक्ष बाजूला ठेवून महागाईविरोधी महिला समिती उभी केली. हातात लाटणं घेऊन, थाळ्या वाजवत हजारो बाया रस्त्यावर उतरल्या. लाटणं मोर्चा म्हणून तो इतिहासात नोंदला गेला. तेलाचा भाव हा राज्यकारभाराचा विषय आहे, तो फक्त चुलीपाशी कुरकुरण्याचा विषय नाही, हे या बायांनी दाखवून दिलं.

टंचाईवर सरकारनं उपाय काढला तो बाहेरून तेल आणण्याचा. १९७० च्या दशकापासून सरकारी महामंडळामार्फत परदेशातून तेल यायला लागलं आणि रेशनच्या दुकानात पामतेल आलं. थंडीत गोठणारं, वास नसलेलं हे तेल सुरुवातीला बायांना आवडलं नाही, पण स्वस्त होतं. हे तेल येतं ते मलेशिया आणि इंडोनेशियातल्या ताडासारख्या एका झाडाच्या फळातून.

दुसरा उपाय होता आपल्या शेतात तेल वाढवण्याचा. मे १९८६ मध्ये केंद्र सरकारनं तेलबियांसाठी तंत्रज्ञान मोहीम सुरू केली. सुधारित बियाणं, आधारभाव, प्रक्रिया, खरेदी हे सगळं एकत्र बघितलं. दुधाची चळवळ उभी करणाऱ्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं तेलबिया उत्पादकांच्या सहकारी संस्था बांधल्या आणि १९८८ साली धारा तेल आणलं. देशातलं तेलबियांचं उत्पादन १९८६-८७ साली सुमारे ११३ लाख टन होतं, ते १९९६-९७ साली २४४ लाख टनांवर गेलं. दहा वर्षांत दुपटीहून जास्त. याला पिवळी क्रांती म्हणतात. १९९० च्या सुरुवातीला देश तेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. मैत्रिणींनो, हे विसरू नका. आपल्या शेतकऱ्यांना आपल्या देशापुरतं तेल पिकवता येतं, हे एकदा सिद्ध झालेलं आहे.

मग काय झालं? १९९१ नंतर बाजार खुला करण्याचं धोरण आलं. १९९४ साली पामोलिन तेल कुणालाही आयात करता येईल असं झालं, तेव्हा त्यावर ६५ टक्के जकात होती. १९९५ मध्ये इतर बहुतेक तेलंही खुली झाली आणि जकात ३० टक्क्यांवर आली. १९९८ मध्ये ती १५ टक्के झाली. बाहेरचं तेल स्वस्तात येऊ लागलं. घरोघरच्या बायांना ते बरं वाटलं, कारण तेलाचा भाव आटोक्यात राहिला. पण शेंगा पिकवणाऱ्याला भाव मिळेना. किराणा घेणारी बाई आणि शेंगा तोडणारी बाई पुष्कळदा एकच होती. एका हातानं तिचा फायदा झाला, दुसऱ्या हातानं तोटा.

खानदेशात भुईमूग मागं पडायला आणखीही कारणं झाली. शेंगा उपटायच्या, तोडायच्या, वाळवायच्या, फोडायच्या, सगळं हातकाम, आणि मजूर मिळेना. रानडुकरांचा त्रास. पावसाचा भरवसा नाही. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि वावरं कापसाची झाली. पाणी असलेल्यांनी केळी धरली. पुढं मका, सोयाबीन आलं. जुन्या बाया सांगतात, शेंगा तोडायला गेलं की मजुरीत शेंगाच मिळायच्या, घरात वर्षाचे दाणे साठायचे. ती मजुरी गेली आणि तिच्याबरोबर न दिसणारं, फुकटचं तेलही गेलं. कापूस वाढला तशी सरकीही वाढली. पण सरकीच्या कच्च्या तेलात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, ते काढून टाकल्याशिवाय तेल खाता येत नाही. म्हणून ते घाण्यावर होत नाही, त्याला रिफायनरीच लागते. सोयाबीनचंही तसंच, त्याचं तेल मोठ्या कारखान्यात रसायनानं वेगळं काढतात. शेत आपलं राहिलं, पण तेल काढणं गावाच्या हातातून गेलं, ते असं.

पाकीट आलं त्यालाही एक घटना कारण आहे. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली. ६० हून जास्त माणसं दगावली. सुट्या तेलाची भीती बसली आणि सरकारनंही बंद पाकिटावर भर दिला. बुधली, किटली घेऊन दुकानात जाणं हळूहळू संपलं. पाकीट स्वच्छ असतं, भेसळीची भीती कमी असते, हे खरं. पण पाकिटानं एक माप बदललं. पूर्वी पावशेर आणलं तर पावशेरच वापरायचो. आता लिटर फोडलं की हात सैल सुटतो.

आता आजचे आकडे ऐका. २०००-०१ साली वर्षाला माणशी तेल ८ किलो २०० ग्रॅम झालं. २०१०-११ साली १३ किलो ६०० ग्रॅम. आणि नीती आयोगानं ऑगस्ट २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात हा आकडा १९ किलो ७०० ग्रॅम आहे. दिवसाला ५४ ग्रॅम. म्हणजे १९५५ साली पाच माणसांच्या घराला दिवसभर जेवढं तेल पुरायचं, त्याहून जास्त तेल आज एका माणसाच्या वाट्याला येतं. त्यातलं सगळं आपल्या कढईतलं नाही. हॉटेलातली शेवभाजी, फरसाण, बिस्किटं, वेफर, वडापाव हे सगळं त्यात धरलेलं आहे. आणि ही सरासरी आहे. श्रीमंताच्या घरी जास्त, गरिबाच्या घरी कमी. पण खेडी यातून सुटलेली नाहीत. सरकारच्या घरखर्चाच्या पाहणीनुसार १९९३-९४ साली खेड्यातल्या माणसाच्या पोटात दिवसाला सगळ्या वाटांनी मिळून ३१ ग्रॅम स्निग्ध पदार्थ जात होते. २०२३-२४ साली ते ६० ग्रॅमवर गेले. तीस वर्षांत जवळजवळ दुप्पट.

त्याच काळात आपलं कष्टाचं काम कमी झालं. दळण गिरणीत, पाणी नळाला, जाणं-येणं गाडीवर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशात शंभरातल्या २४ बायांचं वजन जास्त आढळलं. आणि शंभरातल्या ५७ बायांच्या अंगात रक्त कमी. या दोन्ही गोष्टी एकाच घरात, कधी कधी एकाच बाईत दिसतात. कारण ताटात तेल वाढलं, पण डाळ, पालेभाजी, फळ त्या मानानं वाढलं नाही.

हे तेल येतं कुठून? नीती आयोगाच्याच अहवालाप्रमाणे २०२२-२३ साली १६५ लाख टन तेल बाहेरून आलं. निम्म्याहून जास्त तेल परदेशी. ताडाचं इंडोनेशिया-मलेशियाचं, सोयाबीनचं अर्जेंटिना-ब्राझीलचं, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनचं. म्हणूनच २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये लढाई सुरू झाली आणि नशिराबादच्या दुकानात तेलाचा डबा महागला. त्याच एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियानं पामतेल बाहेर पाठवणं थांबवलं, ते तीन-साडेतीन आठवड्यांनी सुरू केलं. त्याच वर्षी दिवाळीला आपल्या राज्यात १०० रुपयांत आनंदाचा शिधा मिळाला, त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि १ लिटर पामतेल होतं. सणाची करंजी तळायला सात समुद्रापलीकडचं तेल आणि तेही सरकारी मदतीनं, इथपर्यंत आपण आलो आहोत.

म्हणून आता आमच्या गटापुढच्या प्रश्नाकडे येतो. घाणा टाकावा की नाही? इतिहास बघितल्यावर आम्हाला दोन गोष्टी दिसतात.

पहिली, घाण्याचं तेल चांगलं असलं तरी ते तेलच आहे. पाकिटातलं नऊ लिटर सोडून घाण्याचं नऊ लिटर खाल्लं तर शरीराला फार उपयोग नाही, आणि खिशाला तर मोठं भोक पडेल. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार माणशी वर्षाला १२ किलो तेल पुरे. म्हणजे महिन्याला माणशी १ किलो. पाच माणसांच्या घराला ५ किलो, लिटरमध्ये साडेपाच. देशाच्या सरासरीनं त्याच घराला ९ लिटर लागतं. साडेतीन लिटरचा फरक आहे. तुमच्या दुकानातल्या भावानं त्याचे पैसे काढून बघा आणि बाराने गुणा. बऱ्याच घरांत तो आकडा बचत गटाच्या वर्षभराच्या बचतीपेक्षा मोठा निघेल. पंतप्रधानांनीही २०२५ च्या फेब्रुवारीत आकाशवाणीवरून घराघरांत तेल १० टक्के कमी करा असं सांगितलं होतं. आपण आपल्या गटात मोजून करू.

दुसरी, घाण्याचा हिशेब भावनेवर नको, दाण्यावर हवा. १०० किलो चांगल्या शेंगदाण्यातून घाण्यावर साधारण ४० किलो तेल निघतं, बाकी ढेप. म्हणजे १ लिटर तेलाला सव्वादोन ते अडीच किलो दाणे लागतात. आजचा दाण्याचा भाव घ्या, अडीचने गुणा, त्यातून ढेपेचे पैसे वजा करा, वीज, मजुरी, बाटली, कर्जाचा हप्ता मिळवा. येईल तो खरा भाव. त्याहून फार स्वस्त कुणी घाण्याचं शेंगदाणा तेल विकत असेल, तर त्यात काय मिसळलं आहे ते विचारा. आणि दाणे निवडूनच घ्यायचे. बुरशी लागलेल्या दाण्यातलं विष घाण्याच्या तेलात उतरतं, ते पुढं गाळून जात नाही. २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत यंत्रासाठी ३५ टक्के अनुदानाची तरतूद आहे. पण अनुदान यंत्राला मिळतं, गिऱ्हाईक आपल्यालाच शोधावं लागतं.

म्हणून आमच्या गटांनी सध्या असं ठरवलं आहे. तीन महिने प्रत्येक घरानं तेलाची वही ठेवायची. पाकीट फोडलं की कॅलेंडरवर तारीख, तेलाचं नाव आणि वजन लिहायचं. लिटर नाही, वजन बघायचं, कारण सारख्या दिसणाऱ्या पाकिटात कधी ९१० ग्रॅम असतं, कधी त्याहून बरंच कमी. बाहेरून आणलेलं फरसाण, शेव हेही लिहायचं. तेल एकाच डब्यात न ठेवता आठवड्याचं वेगळं काढून ठेवायचं. भाजीवरची तर्री रोज नको, पाहुणे आले की करू. जवसाची, तिळाची, खुरासणीची चटणी मात्र पुन्हा रोजच्या ताटात आणायची. आणि तेल कमी करायचं ते सगळ्यांच्या ताटातून, फक्त सुनेच्या ताटातून नाही.

तीन महिन्यांनी सगळ्या वह्या ग्रामसंघाच्या बैठकीत ठेवू. गावाला खरोखर किती तेल लागतं, त्यातलं किती जणी घाण्याचं घेतील, आणि किती घरं वावरात पुन्हा चार ओळी भुईमुगाच्या लावायला तयार आहेत, हे कळेल. मग घाण्याच्या कर्जाचा अर्ज भरायचा की नाही हे आपणच ठरवू. तुमच्याही गावात अशी वही सुरू केलीत तर तुमचे आकडे आम्हाला रेडिओवर जरूर कळवा. सगळ्या गावांचे आकडे मिळून खानदेशच्या तेलाचा पुढचा इतिहास आपल्या हातानं लिहिला जाईल.